हप्त्यावर मोबाईल घेताय? आधी कागद मराठीत मागा

बेळगावच्या गणपत गल्लीत, खानापुरात, निपाणीत किंवा चिक्कोडीत मोबाईलची किंमत विचारली की उत्तर हप्त्यात मिळतं: 'महिन्याला पंधराशे, बाकी काही नाही.' परदेशात बऱ्याच ठिकाणी सिमकार्डाची कंपनीच दोन वर्षांच्या करारावर फोन देते. आपल्याकडे सिम एकाचं, फोन दुसऱ्याचा आणि पैसे तिसऱ्याचे असतात. दुकानदार मध्यस्थ. करार होतो तो त्या तिसऱ्याशी, म्हणजे बँकेशी किंवा वित्तसंस्थेशी, आणि पुष्कळांना तिचं नाव पहिला हप्ता चुकल्यावर समजतं. म्हणून फोन निवडण्याआधी करार निवडायला शिकायचं. क्रम पुढे दिला आहे तसाच ठेवा.

पहिलं काम: पैसे कधी येतात ते लिहा

हप्ता 'किती' यापेक्षा 'कोणत्या तारखेला' हे आधी बघा. हप्ता बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यातून आपोआप वळता होतो. पगारदाराला ते सोयीचं. पण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं, बिडी कामगारांची मजुरी आठवड्याच्या हिशेबावर असते आणि उसाचं बिल कारखान्याच्या हंगामावर. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांवर हप्ता बसवू नका, ते खात्यात अमुकच तारखेला पडतील हे गृहीत धरता येत नाही.

त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर दोन बाजूंनी दंड बसतो. तुमची बँक वेगळा घेते, कर्ज देणारी संस्था वेगळा. म्हणून तारीख बदलून मिळते का, हे सही करण्याआधी विचारा. शेतकऱ्याने तर जमत असेल तर उसाचं बिल आल्यावर अर्ध्याहून जास्त रक्कम रोख भरावी आणि उरलेल्याचे चार-सहाच हप्ते करावेत. लांबलेला हप्ता पाऊसपाण्याच्या दिवसांत बी-बियाण्याच्या खर्चाशी भांडतो.

दुसरं काम: खरी किंमत काढा

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. आज रोख दिले तर कितीला देणार? आणि हप्त्यावर सगळं मिळून माझ्या खिशातून किती जाणार? दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या.

समजा फोन १८,००० रुपयांचा. हप्ता १,७०० चा, बारा महिने. एकूण २०,४०० होतात, म्हणजे २,४०० रुपये जास्त. काउंटरवरचा माणूस सांगेल, 'व्याज तेरा टक्के फक्त.' २,४०० ला १८,००० ने भागलं तर तेवढंच दिसतं खरं. पण तुमच्याकडे १८,००० वर्षभर राहत नाहीत, दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तर हेच व्याज वर्षाला सुमारे २४ टक्के पडतं. त्यात ६०० रुपये प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये सुरुवातीलाच गेले, तर दर ३२ टक्क्यांच्या आसपास पोचतो. सोसायटीचं किंवा सोन्यावरचं कर्ज यापेक्षा स्वस्त पडतं का, हे एकदा तरी पडताळून बघा.

'नो कॉस्ट' हप्त्यातही व्याज असतंच. ते कंपनी किंवा दुकानदार सूट म्हणून सोसतो, नाहीतर रोखीवर मिळणारी सूट तुमच्याकडून काढून घेतो. शून्य टक्के व्याजाच्या नावाखाली खरं व्याज झाकू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोख १७,००० आणि हप्त्यावर १८,००० असेल, तर ते हजार रुपये म्हणजेच व्याज. क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आणखी लागतो.

आणखी एक गैरसमज सीमाभागात अजून टिकून आहे: कोल्हापुरात फोन घेतला तर कर कमी पडतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून तसं राहिलेलं नाही, आणि १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवर देशभर १८ टक्केच आहे. कोल्हापूरच्या दुकानात सूट जास्त मिळत असेल तर जरूर जा, कराच्या आशेने जाऊ नका. बेळगावच्या पत्त्याचं आधार तिथे कर्जाला चालतं का, हे मात्र निघण्याआधी फोनवर विचारा.

तिसरं काम: तुमच्या घरात कोणता टॉवर पोचतो?

टिळकवाडीत राहणाऱ्याने हा भाग वगळला तरी चालेल. जांबोटी, कणकुंबी, नेरसा, लोंढा इकडच्यांनी वगळू नये.

शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची सिम मागून घ्या आणि माजघरात उभं राहून फोन लावून बघा. गच्चीवर रेंज येते यावर भुलू नका. लांब पल्ल्याच्या, भिंतीतून आणि झाडीतून आत शिरणाऱ्या लहरी कमी वारंवारतेच्या असतात. बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, जिओचं फाइव्ह-जीही ७०० वापरतं. म्हणून बीएसएनएलवाल्याने फोनच्या माहितीत 'बँड २८', म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, आहे का ते बघावं, जिओवाल्याने फाइव्ह-जीतला तोच पट्टा 'एन २८' आणि 'स्टँडअलोन फाइव्ह-जी'. बाहेरदेशातून आणलेल्या फोनात कधीकधी हे नेमकं नसतं. इथल्या दुकानातही विक्रेत्याला तोंडपाठ असेलच असं नाही, कंपनीच्या संकेतस्थळावर उघडून दाखवा म्हणावं.

चंदगडच्या शिवेवरच्या गावांत फोन कधी कर्नाटकाचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. आजच्या बहुतेक प्लॅनमध्ये देशांतर्गत रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत, त्यामुळे त्याची धास्ती नको.

चौथं काम: फोन

इथे फार वेळ घालवू नका. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको, रॅम सहा किंवा आठ जीबी, बॅटरी ५,००० एमएएचच्या आसपास. खानापूरच्या पावसात दुचाकीवर फिरणाऱ्याने पाण्यापासून संरक्षणाचा आयपी आकडा विचारावा. ५४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं, ६७ किंवा ६८ असेल तर पाण्यात पडलेला फोनही बहुधा वाचतो. तरी पाणी गेलेला फोन वॉरंटीत घ्यायला बऱ्याच कंपन्या नकार देतात, हे धरून चला.

सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे जरूर विचारा. पिक्सेल ८ पासून आणि गॅलॅक्सी एस २४ पासून त्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन आहे, स्वस्त फोनांत ते बरंच कमी असतं. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळीला जावं लागतं, हेही बघा.

आणि एक आपल्या भागाची गरज. हेस्कॉमचं वीजबिल, पंचायतीची नोटीस, जमिनीचा आरटीसी उतारा कन्नडमध्ये येतो. दुकानातच कॅमेऱ्याने एखादा कन्नड कागद टिपा आणि गूगल ट्रान्सलेटमधून मराठीत करून बघा. अक्षर धूसर येत असेल तर तो कॅमेरा तुमच्या कामाचा नाही, मग त्यावर मेगापिक्सेल कितीही लिहिलेले असोत. कीबोर्डवर मराठी आणि कन्नड दोन्ही ठेवा.

पाचवं काम: काउंटरवर

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते इथे. फोन पसंत पडतो, पोरगं डबा हातात धरून उभं असतं, वित्तसंस्थेचा माणूस टॅबवर बोटं फिरवत म्हणतो, 'काका, ओटीपी आला बघा, सांगा की.' आपण सांगतो. पुन्हा येतो, पुन्हा सांगतो. तिसरा येतो. यातला एक आधारच्या पडताळणीचा असतो, एक कर्जाच्या करारावरची सही असते, एक खात्यातून दरमहा पैसे कापायची परवानगी, आणि एखादा कधी न मागितलेल्या विम्याचा किंवा कार्डाचाही असतो. ओटीपी सांगणं म्हणजे सही करणंच आहे. प्रत्येक मेसेज आधी पूर्ण वाचा, 'हा कशाचा?' असं विचारा, उत्तर पटलं तरच आकडे सांगा. मागे रांग असली तर असू दे.

आता मुख्य मुद्दा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा प्रत्येक नव्या वैयक्तिक कर्जाआधी बँकेने किंवा वित्तसंस्थेने ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, द्यायचं असतं. व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर त्यात 'एपीआर' म्हणून लिहिलेला असतो. मघाचा ३२ टक्क्यांचा आकडा तुम्हाला स्वतः काढावा लागत नाही, तो तिथे छापलेला हवा. या कागदात नसलेला कोणताही आकार पुढे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि नियमात असं आहे की हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा आणि त्याला समजावून सांगितला जावा.

म्हणजे मराठीत. बेळगावात असलात तरी, राज्य कर्नाटक असलं तरी. मराठीतून कागद मिळावेत म्हणून सीमाभागाने किती वर्षं आवाज उठवला आहे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. इथे तर नियमच तुमच्या बाजूने आहे, आणि तो मागण्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. 'केएफएस मराठीत द्या' एवढंच म्हणा. 'सिस्टीममध्ये इंग्रजीच येतं' असं ऐकावं लागेल. मग म्हणा, घरी नेऊन वाचतो, उद्या येतो. सात दिवसांहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला केएफएसमधल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. 'ऑफर आजच संपते' या घाईला हे पुरेसं उत्तर आहे. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांना मात्र केएफएसचा नियम लागू नाही.

केएफएस हातात आल्यावर चार जागा बघा: एपीआर, विमा किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीच्या नावाने जोडलेली रक्कम, हप्ता चुकल्यावरचा दंड, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर लागणारा आकार. नको असलेला विमा तिथल्या तिथे काढायला लावा. हप्ता चुकला तर फोन बंद पाडणारं ॲप त्यात टाकतात का, हेही तोंडी विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

दुसऱ्याच्या नावावर फोन घेऊ नका आणि आपल्या नावावर घेऊन देऊ नका. मेव्हण्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बसत नाही, गल्लीतल्या मित्राचं खातं नाही, मग 'तुझ्या नावावर घे, हप्ता मी भरतो'. नात्यात नाही म्हणणं जड जातं, हे मला माहीत आहे. पण कागदावर ज्याचं नाव, कर्ज त्याचंच. तीनशे ते नऊशेमधला स्कोअर त्याचाच खाली येतो, आणि पुढे ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज मागायला गेल्यावर हाच फोन आडवा येतो. मदत करायचीच असेल तर तुम्हाला परवडतील तेवढे पैसे त्याला रोख उसने द्या.

बिल जीएसटीचं घ्या. त्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारा आकडा एकच आहे ना, ते दुकानातच जुळवा. चोरीला गेलेला फोन सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर बंद करताना हाच आकडा लागतो. चोरीने हप्ता थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

घरी आल्यावर

कर्ज ॲपवरून झालं असेल आणि मन बदललं, तर ठराविक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत किमान एक दिवसाची असते, केएफएसमध्ये बघा. पण मुद्दल तुम्हालाच भरावं लागतं, फोन परत घ्यायचा की नाही हे दुकानदाराच्या हातात.

हप्ता थकला तरी वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. तक्रार आधी त्या संस्थेकडेच लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, ते मोफत आहे. चौकशीचा क्रमांक १४४४८. पत्राने पाठवलेली तक्रार कोणत्याही भाषेत घेतात, म्हणजे मराठीतही. फोनच खराब निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे खरेदी कोल्हापूरची असली तरी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाव्याची फी नाही.

शेवटचा हप्ता गेला की ना-हरकत दाखला मागा आणि खात्यातून पैसे कापायची परवानगी रद्द झाली का, हे बँकेत विचारा. दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एकेक रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात कर्ज अजून चालू दिसलं तर लगेच तक्रार नोंदवा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे.