लॅपटॉपवर चहा सांडलाय? मग निदान या चुका तरी करू नका

मागच्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला, आणि चहा म्हणजे आपला नेहमीचा, दूध साखर आलं सगळं घातलेला. वरून पुसला, दहा मिनिटं कशीबशी थांबलो आणि म्हटलं चालू होतोय का बघू, तर झाला की चालू! म्हटलं सुटलो. तीन दिवसांनी लॉगिनला पासवर्डच्या बॉक्समध्ये आपोआप ठिपके पडायला लागले, मी हातही लावला नव्हता.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, "चालू होतोय का बघू". आत ओल असताना करंट फिरला की शॉर्ट होतं, आणि शॉर्ट नाही झालं तरी गंज धरायला सुरुवात होते, तो दिसतो नंतर. त्यामुळे सांडल्या सांडल्या भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा आणि पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करायची राहिली तर राहू दे. झाकण पाडलं म्हणजे बंद झाला असं नसतं हां, तो नुसता झोपलेला असतो. बॅटरी बाहेरून निघत असेल तर लगेच काढा. हल्ली बहुतेक मॉडेलमध्ये ती आत असते, मागचं कव्हर उघडून कनेक्टर काढायची सवय असेल तर काढा, नसेल तर तसाच दुकानात न्या, कारण बटणाने बंद केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डाच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या, काही भागांत व्होल्टेज राहतंच.

दुसरं, उभा-आडवा करून झटकू नका, अशाने कीबोर्डमधला चहा मदरबोर्डकडे जातो. उघडा लॅपटॉप टेबलाच्या कडेवर तंबूसारखा पालथा ठेवा, कीबोर्ड खालच्या बाजूला.

तांदळाच्या डब्यात घालायचा सल्ला मला तिघांनी दिला. तांदूळ आतली ओल ओढत नाही, वर त्याची पावडर पोर्टमध्ये जाऊन बसते ती वेगळीच. हेअर ड्रायर तर नकोच, गरम हवेने बटणं वाकडी होतात आणि ओल अजून आत ढकलली जाते. साधा पंखा लावा, एक-दोन दिवस.

पण पंख्याने पाणी उडतं, साखर नाही उडत! बऱ्याच कीबोर्डमध्ये बटणांखाली प्लास्टिकचे पातळ थर असतात, त्यांवर बटणांचे सिग्नल नेणाऱ्या छापील लाइन्स, आणि चहा त्या थरांच्या मधे जाऊन चिकटून बसतो. एका लाइनवर बरीच बटणं असतात म्हणून लांब लांबची बटणं एकदमच मरतात. मी एक बटण उचकटून बघितलं तर खाली चहाचा तपकिरी डाग आणि त्यात दोन मुंग्या. (बटण उचकटताना खालची नाजूक क्लिप मोडली, स्पेसबारला तर हातही लावू नका.) मदरबोर्डापर्यंत चहा गेला असेल तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने (पटकन उडून जाणारं, सफाईला वापरतात ते) साफ करून घ्यावा लागतो, कीबोर्ड मात्र बहुतेक वेळा बदलावाच लागतो. अल्कोहोल आहे म्हणून सॅनिटायझर ओतू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

नीट सुकल्यावर लॅपटॉप चालू होतोय पण बटणं वेडी झालीत, तर यूएसबी कीबोर्ड लावा, किंवा विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की स्क्रीनवर कीबोर्ड येतो. अर्थात ती तीन बटणं जिवंत असतील तर, नाहीतर लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं तिथून माउसने. आणि आधी बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर.

शेवटची चूक म्हणजे दुकानात खोटं बोलणं. साध्या वॉरंटीत सांडलेलं धरत नाहीत, ॲक्सिडेंटल डॅमेजचा वेगळा प्लॅन असला तरच, म्हणून मी काउंटरवर शहाणपणा केला, "आपोआपच बिघडला हो". त्या माणसाने काही न बोलता चार स्क्रू काढले, कव्हर उचललं आणि आल्याचा वास आला.