मोळी पडण्याआधी : ऊस उतरवणाऱ्या क्रेनचे लिमिट स्विच

साखर कारखान्याच्या ओव्हरहॉलिंगमध्ये मिल आणि बॉयलरची यादी पानंच्या पानं भरते, यार्डातल्या क्रेनच्या लिमिट स्विचला, म्हणजे हुक हद्दीपर्यंत गेला की मोटर थांबवणाऱ्या स्विचला, एक ओळ मिळाली तरी खूप. हंगाम सुरू होऊन गव्हाणीत मोळी पडण्याआधी त्याच्याकडे नीट बघा, आणि तेही रोप (तारेचा दोर) आणि मोटरची कामं उरकल्यावर.

आधी मेन बंद करून कुलूप-टॅग लावा. किल्ली वर चढणाऱ्याच्याच खिशात. झाकण उघडलं की पावसाचं पाणी सापडेल. ते बऱ्याचदा केबलच्या कडेने ग्लँडमधून (केबल आत जाते तिथल्या आवळपट्टीतून) शिरतं, म्हणून ग्लँड आवळा, गॅस्केट बदला आणि ग्लँडच्या अलीकडे केबलला खाली झोळ द्या. चिपाडाची धूळ ब्रशनेच काढा, हवेच्या झोताने ती आत जाते. लिव्हरचा स्क्रू घट्ट हवा, नाहीतर लिव्हर फिरतो आणि आतला शाफ्ट जागचा हलत नाही. काँटॅक्टला ग्रीस लावू नका. मल्टिमीटरवर लिव्हर दाबताच एनसी (एरवी जोडलेला) काँटॅक्ट उघडला पाहिजे. इथे एनसीच हवा: वायर तुटली तरी क्रेन थांबते.

रोप बदलला असेल तर ड्रमला जोडलेला रोटरी लिमिट पुन्हा सेट करा. तो ड्रमचे फेरे मोजतो, हुक कुठे आहे ते त्याला कळत नाही. मोटर रिवाइंड होऊन आली असेल तर जास्त सावध राहा. जोडताना दोन फेज उलटल्या तर ‘खाली’च्या बटणावर हुक वर जातो, आणि वरचा लिमिट फक्त ‘वर’च्या काँटॅक्टरची (मोटरला वीज देणाऱ्या स्विचची) कॉइल सोडतो. स्विच ठणठणीत, तरी हुक ड्रमवर! त्यामुळे दिशा आधी बघा, लिमिट नंतर.

चाचणी रिकाम्या हुकावर, हळू वेगात. हुक मधल्या उंचीवर असताना लिव्हर सुरक्षित जागेवरून लाकडी काठीने दाबून बघा, मगच हुक वर न्या. शेवटचा लिमिट, म्हणजे हुकाने लटकतं वजन उचललं की चालणारा, तपासायला त्याआधीचा लिमिट जोडवायर लावून बायपास करावा लागला, तर ते सुपरवायझरसमोरच; आणि ती जोडवायर खाली उतरण्याआधी काढायची. हंगामभर राहिलेली ती वायर पुढे कुणालाच आठवत नाही.

कायद्याप्रमाणे सक्षम व्यक्तीकडून होणारी तपासणी वेगळी. हंगामात दर शिफ्टला वरचा लिमिट रिकाम्या हुकावर बघा, आणि रोज थांबायला लिमिटवर हुक नेणाऱ्या ऑपरेटरला वेळीच टोका. स्टोअरमध्ये त्याच मॉडेलचा पूर्ण स्विच आणि जादा रोलर-लिव्हर ठेवा.