घोड्याची पाठ कुणाच्या हातात द्याल?

नागावच्या किनाऱ्यावर आमच्या घरातली तिसरी पिढी घोडे फिरवते. गेल्या दिवाळीच्या गर्दीत आमची राणी खोगीर दिसलं की कान पाडून चावायला यायची. एक मालिशवाला म्हणाला, "मणका सरकलाय, दोन झटक्यांत बसवतो." शेपटी धरून त्याने असा हिसका दिला की राणी आठ दिवस मागचा पाय ओढत होती. मी त्याला हात लावू दिला, ही चूक माझीच.

आता खरारा झाला की रोज पाच मिनिटं पाठीला देतो. घोडा कडक, सपाट जमिनीवर चारी पायांवर सरळ उभा करा, वाळूत नको. कण्यापासून चार बोटं बाजूला, बोटं सपाट ठेवून खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश दाबत जा. दोन्ही बाजूंना दाब सारखाच हवा. नख लागू देऊ नका, नाहीतर निरोगी घोडाही दचकेल. चांगली पाठ हाताखाली जराशी दबते आणि परत वर येते. दुखरी पाठ फळीसारखी ताठते किंवा एकदम खाली जाते, कातडी थरथरते, कान मागे जातात. त्याच जागी पुन्हा असंच झालं, तर तिथे खडूने खूण करा आणि डॉक्टरांना दाखवा.

खोगीर उतरवल्यावर घाम बघा. ओल्या पाठीवर मध्येच कोरडा चट्टा असेल, तर तिथे खोगीर दाबतंय का ते बघा. राणीच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा चट्टा होता. खोगिराखालच्या गादीत खारं पाणी आणि वाळू सुकून गोळा झाला होता, तोच रुतत होता. आता दोन गाद्या आहेत. एक गोड्या पाण्यात धुऊन वाळते तोवर दुसरी वापरतो. नालबंदीही लांबवू नका. खूर वेडेवाकडे वाढले की चाल बिघडते आणि ताण पाठीवर येतो.

फेऱ्या संपल्यावर, अंग गरम असताना, गाजर दाखवून घोड्याची मान आधी खांद्याकडे, मग तंगाकडे, म्हणजे खोगिराचा पट्टा पोटाला बांधतात तिकडे, वळवा. काही क्षण थांबा, मग गाजर द्या. दोन्हीकडे तीन-तीनदा. मान हाताने ओढायची नाही, तो स्वतः वळेल तेवढंच.

मणका "बसवणारे" ज्याचं नाव सांगतात ती कायरोप्रॅक्टिक ही हाताने करायची उपचारपद्धत अमेरिकेत डॅव्हेनपोर्टला १८९५ साली डी. डी. पामर यांनी माणसांसाठी सुरू केली, जनावरांकडे ती नंतर आली. त्यात आखडलेल्या एकेका सांध्याला नेमका, छोटा, झटकन दाब देतात. शेपटी किंवा पाय धरून हिसडणं म्हणजे कायरोप्रॅक्टिक नव्हे. घोड्याच्या पाठीचे १८ मणके बरगड्यांना जोडलेले, वरून जाड स्नायू. ते कुणाच्या झटक्याने "बसत" नाहीत. म्हणून आधी पशुवैद्यांकडून लंगडणं, ताप, सूज, हाडाची इजा तपासून घ्या. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करणाऱ्याची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

कुत्र्याच्या बाबतीत तर जास्तच जपा. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातीत मणक्यांमधली चकती लवकर झिजते. मागचे पाय लटपटले, तर मालिश नको, झटका तर नकोच. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि पाठ आडवी, सरळ ठेवा.