जुन्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल बदलताना आधी ओळखा कुठला सेल आहे, मग सोल्डरिंग आयर्न तापवा

जुना ३८६ किंवा ४८६ कॉम्प्युटर बऱ्याच वर्षांनी चालू केला आणि तारीख १ जानेवारी १९८० दाखवतोय, वर सीमॉस बॅटरी लो किंवा सीमॉस चेकसम एरर असं काहीतरी येऊन मशीन अडून बसलंय, तर घड्याळाचा सेल गेलाय. सेल गळलेला नसेल तर बदलायला फार तर तासभर. पण कुठला सेल होता आणि त्याच्या जागी काय चालेल हे ओळखण्यातच सगळे फसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितोय.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हा प्रकारच नव्हता, दर वेळी चालू केलं की तारीख-वेळ हाताने टाकायची. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ नावाची चिप आली, तिच्यात घड्याळ आणि ६४ बाइटची इवलीशी मेमरी (हीच ती सीमॉस), त्यातले १४ बाइट घड्याळाचे आणि उरलेल्या ५० मध्ये मशीनच्या सेटिंग, आणि मशीन बंद असताना हे सगळं एका सेलवर जिवंत. म्हणजे सेल गेला की नुसती वेळ जात नाही, हार्ड डिस्क कुठली लावलीय हेही मशीन विसरतं.

म्हणून सेलमध्ये थोडी जरी धुगधुगी असेल तर सगळ्यात आधी सेटअप म्हणजे मशीनच्या सेटिंगची पानं उघडून प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, खास करून हार्ड डिस्कचा टाइप आणि सिलिंडर, हेड, सेक्टर हे तीन आकडे. सेल पूर्ण मेला असेल तर बहुतेक वेळा डिस्कवरच्या स्टिकरवर हे आकडे सापडतात. चुकीचे आकडे टाकून डिस्कवर काही लिहायला जाऊ नका, असलेला डेटाही जाईल.

आता प्लग काढा, केबिनेट उघडा, पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा आणि बोर्डावर सेल शोधा.

नाण्यासारखा सीआर२०३२ होल्डरमध्ये बसलेला असेल तर तुमचं नशीब, काढा, नवीन घाला, प्लसची बाजू बघून, झालं. जुन्या मॅकिंटॉशमध्ये बहुतेक वेळा ३.६ व्होल्टचा लिथियम सेल असतो, पेन्सिल सेलच्या अर्ध्या लांबीचा, तोही होल्डरमधला सरळ बदलायचा. फक्त पडदा आणि मशीन एकाच डब्यात असलेला मॅक असेल तर पिक्चर ट्यूबला बंद केल्यावरही हाय व्होल्टेज राहू शकतं, ती डिस्चार्ज कशी करायची माहीत नसेल तर माहितगार माणसाला बसवूनच उघडा.

खरी डोकेदुखी म्हणजे बोर्डावर थेट सोल्डर केलेली, बोटाच्या पेराएवढी, बहुतेक वेळा निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली ३.६ व्होल्टची बॅटरी. ही निकेल-कॅडमियमची रिचार्जेबल असते आणि ती गळते, आज नाही तर उद्या. अमिगा २००० या कॉम्प्युटरमध्ये आणि अमिगा ५०० च्या ए५०१ मेमरी कार्डवरही हेच दुखणं. तुम्हाला तारखेशी काही घेणंदेणं नसलं तरी ही बॅटरी आजच्या आज काढा, कारण आतून जे पाझरतं ते तांब्याच्या रेषा खात जातं. माझ्या एका ३८६ चा कीबोर्ड चालत नव्हता, दोन दिवस मी तीन कीबोर्ड बदलून बघितले आणि शेवटी कळलं की बॅटरीखालून कीबोर्डच्या सॉकेटकडे जाणारी रेषाच गायब झालीय, वर सगळं दिसायला बऱ्यापैकी ठीक!

काढताना आधी बोर्डावर प्लस कुठे लिहिलंय त्याचा फोटो घ्या. मग अख्खी बॅटरी तापवत बसू नका, कटरने तिचे पाय कापा, बॅटरी बाजूला करा आणि उरलेले तुकडे एकेक करून खालून गरम करून ओढा. मायनसचा पाय ग्राउंडच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला असल्याने लवकर तापत नाही, त्यावर थोडं नवीन सोल्डर टाका म्हणजे उष्णता पोचते. जोर लावून उपटलंत तर भोकातला तांब्याचा मुलामा पण बरोबर येईल. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी असतं, ई-कचऱ्यातच द्या.

गळलेलं असेल तर ते अल्कली असतं, आम्ल नाही, त्यामुळे पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावायचं, थोडा फेस येऊ शकतो, ब्रशने हलकं घासायचं, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं आणि किमान एक दिवस सुकू द्यायचं. हिरवट-निळसर थर राहिला तर त्यावर सोल्डर धरत नाही, खरवडून तांबं चकचकीत करावंच लागतं. नंतर मल्टीमीटर बीपवर ठेवून आसपासची एकेक रेषा तपासा, तुटलेली असेल तिथे बारीक वायर टाका. यात घाई करू नका, मशीन पुढे धड चालणार की नाही ते इथेच ठरतं.

आता नवीन काय लावायचं. सगळे उत्साहाने तिथेच सीआर२०३२ चा होल्डर ठोकतात आणि पायावर धोंडा मारून घेतात, कारण जुनी बॅटरी रिचार्जेबल होती म्हणजे बोर्ड तिला चार्ज करत होता, आणि नाण्याचा सेल चार्ज केला तर तो फुगतो, फुटतोही. खात्री करायची असेल तर बॅटरी काढलेल्या अवस्थेत मशीन चालू करून त्या दोन जागांवर व्होल्टेज मोजा, चार-पाच व्होल्ट दिसले तर चार्जिंग येतंय. उपाय साधा आहे, प्लसच्या वाटेत एक डायोड, पट्टीची बाजू बोर्डाकडे आणि दुसरं टोक सेलच्या प्लसकडे, म्हणजे करंट सेलमधून बाहेर जाईल पण आत येणार नाही. १एन४१४८ चालतो, पण तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास खातो आणि ३.६ ची सवय असलेले काही बोर्ड मग सेल नवा असूनही कुरकुरतात, त्यामुळे मी बीएटी८५ सारखा शॉटकी, म्हणजे कमी व्होल्टेज खाणारा डायोड, वापरतो. तरीही रडत असेल तर तीन पेन्सिल सेलचा होल्डर, ४.५ व्होल्ट, डायोड तोच. सेलला थेट सोल्डर मात्र कधीच नाही, होल्डर वापरा.

बऱ्याच बोर्डांवर बाहेरची बॅटरी लावायला चार पिनांची जागा असते, बहुधा पहिली पिन प्लस आणि चौथी मायनस, पण बोर्डागणिक फरक पडू शकतो म्हणून ग्राउंड मीटरने बघून घ्या, आणि शेजारी आतली-बाहेरची बॅटरी निवडायचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो बदलायला विसरू नका. ही जागा असेल तर सोल्डरिंगपेक्षा हेच बरं.

बोर्डावर सेल कुठेच दिसत नसेल तर एक जाडजूड काळी चिप शोधा, वर डॅलस असं नाव आणि बऱ्याचदा गजराच्या घड्याळाचं चित्र, नंबर डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७. सेल तिच्या पोटातच असतो, साधारण दहा वर्षांच्या हिशोबाने घातलेला, म्हणजे आज तो मेलेलाच धरा. सॉकेटमध्ये असेल तर बदली मॉड्यूल मिळतं ज्यावर नाण्याचा सेल बसतो, तेच घ्या. नाहीतर बाजूचं प्लास्टिक हळूहळू घासून १६ नंबरची पिन म्हणजे मायनस आणि २० नंबरची म्हणजे प्लस उघडी करायची, आतल्या मेलेल्या सेलकडे जाणारी जोडणी तोडायची नाहीतर तो नवीन सेल खाईल, आणि तिथे सीआर२०३२ चा होल्डर वायरने जोडायचा. इथे चार्जिंग नसतं त्यामुळे डायोड नको. घासताना मास्क लावा.

जोडणी झाली की सेटअपमध्ये तारीख, वेळ आणि डिस्कचे आकडे टाका, मशीन बंद करून प्लग काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. तारीख टिकली पण वर्षाचं शतक चुकतंय, २० च्या जागी १९ येतंय, तर सेल ठीक आहे, बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, २००० सालच्या आधीच्या विचाराचा आहे, डॉसमध्ये डेट कमांडने चार आकडी वर्ष देऊन बघा. डायोड लावला असेल तर मशीन चालू असताना सेलवर मीटर धरा, नव्या सेलवर ३.२ च्या आसपास दिसेल, आणि आकडा हळूहळू वर चढत असेल तर लगेच बंद करा, डायोड उलटा लागलाय.

आणि होल्डर बोर्डावर चिकटवू नका, वीतभर वायर ठेवून केबिनेटच्या पत्र्याला टेपने लावा, सेलवर मार्करने तारीख लिहा, म्हणजे पुढच्या वेळी गळला तरी पत्र्यावर गळेल.