बोलक्या कॅक्टसचं पोट उघडताना

नवरात्रात नाशिकच्या कालिकामातेच्या यात्रेतून माझा भाचा नाचणारा कॅक्टस घेऊन आला. आपण बोलायचं, त्याने कंबर हलवत चिरक्या आवाजात तेच परत म्हणायचं. तिसऱ्या दिवशी भावजयीने तो पिशवीत घालून सिडकोत माझ्याकडे आणून टाकला. "ताई, एक तर याचा आवाज कमी करा, नाही तर तुमच्याकडेच ठेवा."

अंबडच्या एका कारखान्यात मी ११ वर्षं पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर, सोल्डरिंग (धातू वितळवून टाके घालणं) केलंय, त्यामुळे असल्या खेळण्यांची मला धास्ती नाही. तुम्हीही हे घरी करू शकता, पण एक अट आहे. खेळणं सेलवर चालणारं हवं. चार्जिंगची वायर लावलेली असताना ते उघडायचं नाही, आणि घरच्या लाइटवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर यातलं काहीही करून बघायचं नाही.

सामान फार लागत नाही. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्सवाली (टाका नीट चिकटवणारा पदार्थ असलेली) सोल्डर वायर, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र). हात बसवायला नवं खेळणं फोडू नका. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात जुनं, बंद पडलेलं काहीतरी मिळतंच. निम्म्या वेळा त्यात बिघाड म्हणजे फक्त सेलच्या डब्यातली गंजलेली पट्टी असते. लिंबाचा रस, जुना टूथब्रश, कोरडं फडकं, झालं काम.

कॅक्टसचं कापड खालच्या बाजूने, शिवणीवरूनच उसवा. आतला प्लॅस्टिकचा डबा उघडला की आधी मोबाइलवर फोटो काढा, मग हात लावा. वायरी केसाएवढ्या असतात आणि ओढल्या की मुळापासून तुटतात. दोन स्पीकरच्या, दोन माइकच्या, दोन मोटरच्या, दोन सेलच्या. आत चपटी लिथियम बॅटरी दिसली तर तिच्या दोन वायरी एकमेकींना टेकू देऊ नका, आणि जिथे सोल्डर करायचं तिथून ती आधी सोडवून ठेवा. खेळणं आवाज ऐकत नसेल पण गाणं वाजवत असेल, तर माइकच्या टोकाला ड्राय सोल्डर बघा. टाका दिसायला जागेवर असतो, पण निस्तेज, भेगाळलेला. थोडा फ्लक्स लावून पुन्हा वितळवला की खेळणं बोलायला लागतं.

आता खरी गंमत. पीसीबीवर एक काळा गोळा दिसेल, डांबराचा थेंब पडल्यासारखा. चिप त्याच्या खाली असते, तिच्या वाटेला जाऊ नका. तिच्या आजूबाजूला तिळाएवढे चार-सहा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारे तुकडे, असतात. त्यातला एक बहुतेक वेळा चिपचं घड्याळ, म्हणजे तिच्या कामाचा वेग ठरवणारा ठोका, चालवतो, आणि चिरकेपणाची चावी तिथेच असते. तो ओळखायला मीटर लागत नाही. गाण्याचं बटण दाबा, बोटाचं टोक जिभेला लावून ओलं करा आणि एकेका रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर टेकवा. ज्याच्यावर बोट ठेवताच गाणं घाईने आणि बारीक आवाजात वाजू लागेल, तोच आपला. ओलं बोट म्हणजे त्याला समांतर लावलेला आणखी एक रेझिस्टर. एकूण अडथळा कमी झाला की घड्याळ पळतं. काही खेळण्यांत हे घड्याळ चिपच्या आतच असतं. सगळीकडे बोट फिरवूनही सूर हलला नाही, तर नाद सोडा.

१९६०च्या दशकात अमेरिकेत रीड गझाला नावाच्या पोराच्या टेबलाच्या खणात एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर उघडा पडला होता. तो कशाला तरी टेकून शॉर्ट झाला आणि भलतेच सूर काढू लागला. असल्या उद्योगाला पुढे त्यानेच 'सर्किट बेंडिंग' हे नाव दिलं. म्हणजे आपण काही पहिले वेडे नाही.

माझ्या कॅक्टसमध्ये त्या रेझिस्टरवर १५४ लिहिलं होतं. पहिले दोन आकडे जसेच्या तसे आणि तिसरा म्हणजे पुढची शून्यं, म्हणजे १,५०,००० ओहम (ओहम हे अडथळ्याचं माप), थोडक्यात १५० के. तो काढून तिथे ६८ केचा रेझिस्टर आणि त्याच्याच रांगेत २२० केचं पॉट, म्हणजे फिरवून अडथळा कमी-जास्त करायचं बटण, जोडलं. ६८ के कशाला? पॉट शून्यावर गेलं तरी घड्याळ सुसाट सुटून चिप अडकू नये म्हणून. अडकलीच तर सेल काढून पुन्हा घाला. जुना रेझिस्टर काढताना मात्र घाई नको. माझ्या पहिल्यावहिल्या खेळण्यात, एका बोलक्या पोपटात, रेझिस्टरचं एक टोक सुटलं आणि मी दुसरं उचकटायला गेले, तर खालचा तांब्याचा पॅडच सालीसारखा निघून आला. दोन्ही टोकांवर जास्तीचं सोल्डर चढवा, आयर्न आळीपाळीने इकडून तिकडे न्या. तो आपोआप घसरतो.

पॉट जोडलं, फिरवलं, माइकसमोर बोललात आणि काहीच फरक वाटला नाही? खेळणं बिघडलेलं नाही. ऐकताना आणि बोलताना घड्याळ एकच असतं. मंद घड्याळावर भरलेला आवाज मंद घड्याळावरच वाजला, तर सूर होता तिथेच राहतो, फक्त थोडा खरखरीत होतो. मजा हवी असेल तर पॉट मधल्या मध्ये फिरवा. ते मंद ठेवून बोला आणि उत्तर सुरू होताच जलद करा, की उंदीर बोलतो. उलट केलं की राक्षस. कॅक्टस मुळातच चिरका असतो, कारण तो भरतो त्यापेक्षा जलद वाजवतो. त्यामुळे त्याच्याकडून माणसाचा आवाज काढायचा असेल, तर उत्तराच्या वेळी पॉट मंद बाजूला घ्यायचं. भाच्याला हे दोन मिनिटांत जमलं, मला अर्धा तास लागला.

भावजयीचं काम त्याहून सोपं. स्पीकरच्या एका वायरमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर घातला. स्पीकर ८ ओहमचा असल्याने त्याच्या वाट्याला विजेच्या दाबाचा साधारण पाचवा हिस्सा येतो, आणि घर शांत होतं. तिला न विचारता मी शेजारी एक छोटा स्विचही बसवला, रेझिस्टरला वळसा घालून पूर्ण आवाज देणारा. भाच्याने तो अजून शोधलेला नाही.

कॅक्टस सांगितलेलं दुसऱ्या क्षणी विसरतो. आवाज टिकवायचा असेल तर आयएसडी १८२० चिपचा तयार बोर्ड घ्या, मी शंभराच्या आसपास आणला. सेल काढले तरी आवाज त्यात राहतो. रेकॉर्डचं बटण दाबून धरलं की लाल दिवा लागतो, तेवढ्यात बोलायचं. वेळ एका रेझिस्टरवर ठरते: ८० केला ८ सेकंद, १०० केला १०, २०० केला २०. पण पीठ तेवढंच. पोळी मोठी लाटली की पातळ होणार. २० सेकंदांना आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आणि 'स', 'श' तर गायबच होतात.

सासूबाईंच्या गोळीच्या डब्याशेजारी मी असा एक बोर्ड बसवलाय, १० सेकंदांचा. "आई, सकाळची गोळी घेतली का? पांढरी, जेवणाआधी." त्या बटण दाबतात आणि डब्यालाच उत्तर देतात, "घेतली गं बाई." गेल्या आठवड्यात चुकून त्यांचं बोट रेकॉर्डच्या बटणावर पडलं. दुसऱ्या दिवशी डब्यातून कुकरच्या दोन शिट्ट्या आणि "मेथी घ्या, मेथी" ऐकू आलं. नवं रेकॉर्डिंग जुन्याला पुसूनच बसतं. तेव्हा आवाज भरून झाला की ते बटण उघडं ठेवू नका. मी त्यावर बाटलीचं टोपण उपडं ठेवून कडेने हॉट ग्लू लावला. डॉक्टरांनी गोळी बदलली की टोपण उचकटायचं, पुन्हा बोलायचं.