दिवंगत फौजीच्या नोंदीत पत्नीचं नाव चुकलं असेल तर
मी फौजेत क्लार्क होतो. आता गावातल्या माताभगिनी पेन्शनचे कागद घेऊन येतात. घोळ बहुतेक एकच: डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणारी सेवेची नोंदवही) ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. वहिनी, लगेच आधार बदलायला धावू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, जन्मतारीखसुद्धा.

दुरुस्तीचा अर्ज बँकेत नाही, रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजीच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावात आहे. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव. खाली एवढंच: नोंद अशी आहे, ती अशी हवी. घरची कर्मकहाणी नको, तिच्यात मुद्दा हरवतो. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान, लग्नाचा पुरावा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. पाठवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा, तिथं मदत मिळते. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हाती सोडू नका. साक्षांकित झेरॉक्स जोडा, स्पीड पोस्टची पावती जपा.

नोंद बदलली की पार्ट टू ऑर्डर (बदलाची नोंद करणारा फौजी आदेश) निघते, मग प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ. उत्तरच नाही आलं, तर माहिती अधिकारात अर्जाची स्थिती विचारा. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.