पद्मिनीचं इंजिन बांधताना: आधी मापं, मग सामान

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट ११०० डिलाइट आणि तिचीच पुढे झालेली पद्मिनी, दोघींच्या पोटात एकच पेट्रोल इंजिन आहे. चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), १०८९ सीसी. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह आणि ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर. साधं इंजिन आहे, नीट बांधलं तर वर्षानुवर्षं चालतं. तरी पुण्यात या गाड्यांची इंजिनं दोन-दोन वर्षांनी पुन्हा उघडली जातात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: आधी नाना पेठेत जाऊन पिस्टन-रिंग-बेअरिंगचा सेट आणला जातो आणि मग इंजिन उघडून तो बसवायचा प्रयत्न होतो. क्रम उलटा हवा. मापं हातात आल्याशिवाय गॅस्केट सेटपलीकडे काहीही विकत घेऊ नका.

उघडण्याआधी

इंजिन चालू स्थितीत असेल तर गरम करून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने घ्या. चारही स्पार्क प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे पाच-सहा फेरे. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे आकडा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमीच येतो, त्याने घाबरू नका. चार आकड्यांतला आपसातला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला की कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर गेलं आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता जास्त.

कागदांचंही आताच बघून घ्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. म्हणून ब्लॉक बदलायचा विचार शेवटचा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. घासताना, रंगवताना तो बुजणार नाही याची काळजी घ्या आणि जे काही सुधारायचं ते पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल असंच करा.

उघडताना

हेड फक्त थंड इंजिनावर काढायचं. गरम ॲल्युमिनियमच्या हेडचे नट सोडले की हेड वाकतं. नट बाहेरून मधे, थोडे थोडे ढिले करा. हेड चिकटलं असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, ॲल्युमिनियमला पडलेली खाच नंतर पाणी गाळते. लाकडी ठोकळा ठेवून बाजूंनी ठोका, स्टडभोवती भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा.

पुशरॉड आणि टॅपेट (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारे दांडे आणि त्यांच्याखालचे ठोकळे) ज्या जागेचे त्याच जागी परत जायला हवेत. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून आकडे लिहिले की काम झालं. कनेक्टिंग रॉडची टोपी आणि मेन बेअरिंगची टोपी यांची जोडी कधीही बदलायची नाही. खुणा नसतील तर सोडण्याआधी पंचाने दोन्हीकडे खूण करा.

मोजणं

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. बोअर वर, मधे आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. म्हणजे एका सिलिंडरचे सहा आकडे, चौघांचे चोवीस. ते वहीत लिहा. वरच्या आणि खालच्या मापात ०.१५ मिमीच्या आसपास फरक आला तर नुसत्या नव्या रिंगांनी भागत नाही. नवी रिंग झिजलेल्या बोअरमध्ये प्रत्येक फेरीला उघडझाप करते, काही हजार किलोमीटरमध्ये तिचा ताण जातो आणि मागून निळा धूर सुरू होतो.

क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. गोलाईत ०.०३ मिमीहून जास्त फरक किंवा नखाला लागणारा चरा असेल तर ग्राइंडिंग. दुकानात ज्याला ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ म्हणतात ती एक इंचाच्या हजाराव्या भागातली मापं, म्हणजे साधारण ०.२५, ०.५० आणि ०.७५ मिमी. ग्राइंड करणाऱ्याला जर्नलच्या कडेची गोलाई तशीच ठेवायला आवर्जून सांगा. तो कोपरा काटकोनात कापला गेला की क्रँक तिथेच तुटतो. ग्राइंड करण्याआधी क्रँकची चीर-तपासणी मॅग्नाफ्लक्सने (चुंबकीय पद्धतीने) करून घ्या, नाहीतर मजुरी वाया जाते.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मायक्रोमीटर स्वस्तात मिळतात आणि त्यातले काही फार छान असतात. पण २५ मिमीच्या सेटिंग रॉडवर शून्य तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. बेअरिंग, रिंगा, टायमिंग चेन मात्र जुन्या बाजारातून घ्यायची नाही.

बोअर करायचं ठरलं तर आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक मशीन शॉपला द्या. भोसरीत उत्तम बोअरिंग-होनिंग करणारी शॉप आहेत, पण पिस्टन समोर नसेल तर तेही अंदाजानेच कापतील. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाला तोच सिलिंडर जुळवायचा आणि पिस्टनवर नंबर टाकायचा. गाळा, म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट, पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला ठेवा. तो पेटीवर किंवा पिस्टनच्या डोक्यावर छापलेला असतो. बोअर वाढवल्याने ताकद वाढते हा गैरसमज आहे. ६८ चं ६८.६ मिमी केलं तर १०८९ चे ११०९ सीसी होतात, म्हणजे वीस सीसी. शेवटचं ओव्हरसाईझही (मोठ्या मापाचा पिस्टन) संपलं असेल तर स्लीव्ह (आतली नळी) घालून पुन्हा ६८ वर आणणं हाच मार्ग.

धुणं

ब्लॉक मशीन शॉपमधून आला की तो स्वच्छ दिसतो, पण नसतो. होनिंगचे बारीक दगडी कण बोअरच्या तिरप्या रेघांमध्ये अडकलेले असतात आणि रॉकेल किंवा पेट्रोलने ते निघत नाहीत, उलट आत बसतात. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घ्या. घासा, धुवा, मग जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्याला थोडं ऑइल लावून बोअरमधून फिरवा. कापड राखाडी निघालं तर पुन्हा धुवा. पाचव्या-सहाव्या वेळेला कापड पांढरं राहतं, तेव्हा थांबा. लगेच हवेने वाळवून ऑइल चोळा. पुण्याच्या पावसाळी हवेत धुतलेल्या बिडावर बघता बघता तांबूस गंज धरतो.

ऑइलच्या वाहिन्यांचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा. पाण्याच्या जागेतले सगळे पत्र्याचे प्लगही काढा. चौथ्या सिलिंडरमागे गंज आणि गाळाचा चिखल बसलेला असतो. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाडीत तर तिथे खिळ्याने खरवडावं लागतं. हे न केल्यास नवं इंजिनही सिग्नलला तापतं आणि दोष रेडिएटरवर जातो.

हेड

बीड आणि ॲल्युमिनियम एकत्र, मधे साधं पाणी, त्यामुळे हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्या जातात. कुरतडणं गॅस्केटच्या कड्यापर्यंत पोचलं असेल तर आर्गॉन वेल्डिंगने भरून मग फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट कापणं) करा, एम-सील लावून झाकू नका. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि कर्णावर ठेवून ०.०५ मिमीची फीलर पट्टी आत जाते का बघा. जात असेल तर फेसिंग हवं. पण जेवढं लागेल तेवढंच.

कॉम्प्रेशन थोडं वाढवायचं असेल तर तेही इथेच होतं. एका सिलिंडरचा आवाका २७२ सीसी. कॉम्प्रेशनचं प्रमाण (रेशो) ८.५ ला आणायचं तर पिस्टनच्या वर एकूण ३६ सीसी जागा राहायला हवी: हेडची पोकळी, गॅस्केटची जाडी आणि पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा जितका खाली थांबतो ती जागा, तिन्ही मिळून. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेलं हेड उलटं ठेवून सिरिंजने रॉकेल मोजत भरा. पातळी कडेच्या बरोबर १ मिमी खाली आली की आकडा लिहा, मग काठोकाठ भरून पुन्हा लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे १ मिमी कापल्यावर कमी होणारे सीसी. या हिशेबाशिवाय ‘मारून टाका अर्धा मिलिमीटर’ असं सांगणं चूक. हेड खाली आलं की पुशरॉड त्या मानाने लांब ठरतात, म्हणून रॉकरच्या पायांखाली तेवढ्याच जाडीचे शिम द्यावे लागतात. ८.५ च्या पुढे जाऊ नये असं आमचं मत आहे.

व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलत असेल तर आधी गाइड बदला, मग सीट कापा. उलटं केलं तर सीट तिरकी बसते. सीट तीन कोनांत, ३०, ४५, ६० अंश. बसण्याची पट्टी इनलेटला सव्वा ते दीड मिमी, एक्झॉस्टला थोडी रुंद, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता तिथूनच सोडतो. ग्राइंडिंग पेस्टने घासून झाल्यावर पोकळीत रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवा. पोर्टमध्ये ओल दिसली तर पुन्हा घासा. पोर्ट आरशासारखे चकचकीत करण्यात अर्थ नाही. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि पोर्ट यांच्या जोडावरच्या पायऱ्या तेवढ्या काढा.

काय सुधारावं

सगळ्यात मोठी सुधारणा कोणाला दिसतही नाही: तोल. ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घेऊन चारही पिस्टन पिनसकट तोला आणि दोन ग्रॅमच्या आत आणा. वजन पिनच्या भोवतालच्या जाड भागातून आतल्या बाजूने कमी करायचं, पिस्टनच्या बाजूच्या भिंतीला हात लावायचा नाही. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचं झाकण एकत्र डायनॅमिक बॅलन्सिंगला द्या. मेन बेअरिंग तीनच असल्यामुळे या इंजिनाला त्याचा फायदा लगेच जाणवतो.

पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घाला, पण आधी डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचा बुश बघा. दांडा हलत असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) प्रत्येक सिलिंडरला वेगळं पडतं आणि इलेक्ट्रॉनिक्स ते झाकू शकत नाही. डायनॅमो असलेल्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा लावायचा तर अल्टरनेटरही घ्या. स्वारगेटला सिग्नलवर उभं असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तो परत बसवा. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर झिजतात.

आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम मऊ पडतात. कार्बोरेटरच्या जेटमध्ये काळे कण सापडू लागले की हेच समजा. पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घ्या. इथेनॉलमुळे मिश्रण हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून मेन जेट एक पायरी मोठा लागतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे ११५ चा जेट १.१५ मिमीचा. थ्रॉटलचा दांडा ढिला असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि कुठलाच जेट जुळत नाही, आधी तिथे बुश करून घ्या. दोन कार्बोरेटर, तिखट कॅमशाफ्ट यांच्या मागे लागू नका. वाढलेला वेग थांबवायला चारही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत.

बांधणी आणि पहिली सुरुवात

प्रत्येक बेअरिंगचा गाळा प्लॅस्टिगेजने (दाबून फट मोजायचा मऊ धागा) बघा. तो ०.०३ ते ०.०६ मिमीच्या बाहेर असेल तर थांबा आणि क्रँक परत मोजा. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट ०.२५ ते ०.४० मिमी ठेवा. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि बोअर फाडतात. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरलेल्या घट्टपणाला).

ऑइल पंपात पेट्रोलियम जेली भरा. प्लग काढून, तात्पुरता प्रेशर गेज लावून स्टार्टर फिरवा आणि काटा हलल्यावरच प्लग घाला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ऑइल २०डब्ल्यू-५०, झिंक असलेलं. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका. आयडलवर कॅमच्या टोकाला पुरेसं ऑइल पोचत नाही.

पहिलं ऑइल शंभर किलोमीटरला बदला, दुसरं पाचशेला. रिंगा बसायला भार लागतो, म्हणून पहाटे सासवडच्या रस्त्याने दिवे घाटात न्या: तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल देऊन चढवा, मग पाय काढून गती कमी होऊ द्या, असं दहा-बारा वेळा. एक्स्प्रेस-वेवर एकाच वेगात तासभर पळवू नका. टायमिंग घाटातच कळतं. चढावर बांगड्या किणकिणल्यासारखा आवाज आला तर दोन अंश मागे घ्या.

तीनशे किलोमीटर झाले की गाडी रात्रभर थंड होऊ द्या. हेडचा एकेक नट पाव फेरा सोडून पुन्हा टॉर्कला आणा, एकदम सगळे सोडू नका. हेड दबलं की व्हॉल्व्हचा गाळाही कमी होतो, तेव्हा त्याच सकाळी आठही टॅपेट पुन्हा फीलर गेजने लावून घ्या.